वर्ष पुरं व्हायच्या आत

शामकांत तोडणकर बँकेत एक दिवसही नोकरीला नव्हते, पण सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आम्हा मराठी मंडळींचे पैसे कुठे ठेवायचे हे तेच ठरवायचे. मूळचे हर्णैचे. उभं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. चीफ इंजिनिअर झाले आणि मग सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात बसून जहाजांच्या दुरुस्त्या बघायला लागले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. ते आणि प्रेमाकाकू आमच्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहायचे, मी सातव्या. त्यांचा एकुलता एक मुलगा दीपेश मेलबर्नला होता.

रविवारी सकाळी काका हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मांडवातल्या, कोपऱ्यातल्या टेबलावर बिनदुधाची कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसायचे. आमच्यातलं कुणी ना कुणी समोर येऊन बसायचं. कुणी आयटीतला मॅनेजर, कुणी बंदरातला इंजिनिअर. हवापाण्याच्या गप्पा झाल्या की प्रश्न यायचा, “काका, सध्या कुठे?”

काका कपावरून नजर न काढता बँकेचं नाव सांगायचे, दर सांगायचे, आणि तो दर किती दिवस टिकेल तेही सांगायचे. खिशात कागद नाही, फोनवर काही बघणं नाही. सगळं तोंडपाठ. स्वतःच्या ठेवींचे नंबर आणि मुदतीच्या तारखा तर ते एखाद्या जुन्या शिपायासारखे धडाधड म्हणायचे. प्रेमाकाकू एकदा म्हणाल्या, “अहो, लिहून तरी ठेवा कुठेतरी.” त्यावर ते हसून म्हणाले, “इंजिनरूममध्ये कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे काय वही उघडून बघत होतो?”

परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना भारतात एनआरई खातं उघडता येतं. त्यावरच्या व्याजाला तिथे कर नाही, आणि सिंगापूरही तो मागत नाही. पण कित्येक वर्षं ते व्याजच इतकं किरकोळ होतं की कुणी लक्ष देत नसे. दोन हजार अकराच्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने हे दर मोकळे केले आणि बँकांची चढाओढ लागली. चारच्या आत रखडणारा दर एकदम नऊच्या वर गेला. त्या महिन्यात काकांना जेवायला फुरसत नव्हती. कुणाचे फॉर्म, कुणाच्या पासपोर्टच्या प्रती, कुणाला घेऊन लिटिल इंडियातल्या बँकेत. माझी पहिली ठेव त्यांनीच करून दिली. करून देताना बोट नाचवत बजावलं, “रश्मी, एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. अकरा महिने एकोणतीस दिवस झाले असले तरी शून्य. वर्ष पुरं झाल्याशिवाय हात लावायचा नाही.”

शुभदाची ठेवही त्यांनीच केली. शुभदाचा नवरा काकांच्या हाताखाली सेकंड इंजिनिअर होता. तो जहाजावरच हृदयविकाराने गेला. कंपनीकडून जे पैसे आले ते घेऊन शुभदा काकांकडे आली होती. ती तोआ पायोहला राहायची, तिथल्याच एका बालवाडीत शिकवायची. तिची मुलगी जाई तेव्हा शाळेत होती. शुभदाला बँकेतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची तिची मनःस्थितीही नव्हती. “चीफसाहेब, तुम्हीच बघा,” म्हणाली. मग खातं शुभदा आणि काका दोघांच्या नावावर झालं, कुणाही एकाच्या सहीने व्यवहार चालेल असं. काकांनी ते पैसे तीन वर्षं स्वतःच्या पैशांपेक्षा जपले. दर बदलला की मुदत संपेपर्यंत थांबायचे, मग दुसऱ्या बँकेत हलवायचे, आणि शुभदाला फोन करून सांगायचे. ती फक्त हो म्हणायची.

दोन हजार चौदाच्या डिसेंबरातली गोष्ट. मी हॉकर सेंटरला गेले तर काकांनी स्वतःहूनच विषय काढला.

“तुझी ती जानेवारीतली ठेव मोड. दुसरीकडे पाव टक्का जास्त मिळतोय.”

मला वाटलं ते गंमत करतायत. “काका, वर्षाला अजून महिना आहे की.”

“मग?”

“मग व्याज नाही ना मिळणार. तुम्हीच तर सांगितलंत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी अनोळखी भाषेत बोलले आणि त्यातला एखादा तरी शब्द सापडेल म्हणून ते शोधतायत, असं ते बघणं होतं. मग कप खाली ठेवून म्हणाले, “तो नियम आता राहिला नाही.”

इतक्या ठामपणे म्हणाले की मी सोमवारी बँकेत फोन करून विचारलं. नियम जसाच्या तसा होता. मी ठेव मोडली नाही आणि काकांना काही बोललेही नाही. माणूस एखाद्या वेळी चुकतो. पण त्यांची ती नजर काही डोक्यातून जाईना.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी लिफ्टमध्ये प्रेमाकाकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी. आम्ही दोघीच होतो. सातवा मजला आला तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.

“तुझं व्याज आलं का गं वेळेवर?”

“आलं की. का?”

“आमचं आलं नाही. हे म्हणतात बँकेने घोटाळा केलाय. रोज जातात विचारायला.”

“रोज?”

“रोज. सकाळी नऊला बाहेर पडतात ते दुपारी येतात. कधी सेरंगून रोड म्हणतात, कधी रॅफल्स प्लेस. परवा आले ते वेगळ्याच बसने आले, घामाने निथळत. विचारलं तर अंगावर आले.” त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. “एवढ्या वर्षांत कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता.”

काकूंच्या हातात दर महिन्याला घरखर्चाचे पैसे येत. त्यापलीकडे कुठल्या बँकेत काय आहे हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं. नवरा वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असताना त्यांनी एकटीने मूल वाढवलं, दोन देशांत संसार मांडले. पैशांचं मात्र काकांनी जहाजावरूनसुद्धा स्वतःकडेच ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी मला लिटिल इंडियात काम होतं. बँकेत शिरले तर काका काउंटरवर होते आणि काकू मागच्या खुर्चीत बसलेल्या. स्वतःचा गुडघा दुखतोय म्हणून काका त्यांना सोबत घेऊन आले होते, असं काकूंनी मला हळूच सांगितलं. काउंटरवर साधना नावाची इंदूरची मुलगी होती. ती काकांना चांगली ओळखायची.

“अंकल, ये एफडी तो आपने पिछले हफ्ते ही खोली है,” ती हळू आवाजात म्हणत होती.

“हाँ तो? अब तोड़नी है।”

“पर अंकल, उसके पहले वाली भी आपने दो महीने में तोड़ी थी। और उसके पहले वाली भी। ब्याज कुछ नहीं मिल रहा आपको। कल भी मैंने यही बताया था।”

“कल? कल मैं आया ही नहीं।”

 साधनाने काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकांचा चेहरा लाल झाला. मागे वळून ते काकूंना मराठीत म्हणाले, “बघितलंस? हे असं चाललंय. नवीन पोरी भरल्यात. माझ्या नावावर दुसराच कुणी येऊन जातो, आणि ह्यांना पत्ता नाही.”

काकू उठून उभ्या राहिल्या. पदर सावरावा तशी त्यांनी ओढणी सावरली आणि म्हणाल्या, “चला, घरी जाऊ.” त्या एवढ्या हळू म्हणाल्या की मलाही धड ऐकू आलं नाही.

त्या दिवसानंतर घरात जे सुरू झालं ते मला काकूंकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. काकांनी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलले आणि ते कुणाला सांगितले नाहीत. दाराचं कुलूप बदललं. फोन तांदळाच्या डब्यात लपवून ठेवायला लागले, आणि सापडला नाही की काकूंनी तो विकला म्हणायचे. फ्रिजच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहायचे. “बेअरिंग जाणार आहे,” म्हणायचे. “आवाज येतोय. तुला ऐकू येत नाही?” एक दिवस काकू देवळातून परत आल्या तर कपडे धुण्याचं मशीन हॉलच्या मधोमध उघडून ठेवलेलं, सगळे भाग जमिनीवर ओळीने मांडलेले, आणि काका खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघतायत. ते परत जोडायचं कसं हे विचारायची काकूंची छाती झाली नाही.

मी दीपेशला फोन करा म्हणाले. त्यांनी केला. काका फोनवर मुलाशी इतके छान बोलले, ऑस्ट्रेलियातल्या बँकांचे दर विचारले, त्याच्या घराच्या कर्जावर सल्ला दिला, की दीपेश आईलाच म्हणाला, “तुला उगाच काळजी वाटतेय. बाबा एकदम ठीक आहेत.”

मार्चमध्ये शुभदा आली. जाईला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता आणि पहिली फी भरायची वेळ आली होती. ठेवीची मुदत संपून गेली होती. ती महिनाभर काकांना फोन करत होती आणि काका दरवेळी म्हणत, पुढच्या आठवड्यात. काकूंनी मला वर बोलावून घेतलं. मी गेले तर शुभदा सोफ्याच्या कडेवर बसलेली, शेजारी जाई, आणि काका समोर खुर्चीत. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले.

“चीफसाहेब, पैसे कुठल्या बँकेत आहेत तेवढं सांगा. मी स्वतः जाते,” शुभदा म्हणाली.

“चांगल्या ठिकाणी आहेत.”

“हो, पण कुठे?”

“आहेत.”

“नाव सांगा ना बँकेचं.”

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता नेहमीसारखं नाव येईल, दर येईल, तारीख येईल. काहीच आलं नाही. त्यांची बोटं गुडघ्यावर काहीतरी मोजल्यासारखी हलायला लागली. मग ते माझ्याकडे बघून हसले, अगदी ओशाळं, लहान मुलासारखं. 

जाई आईला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मम्मी, अंकल डोन्ट नो, लाह. ही रिअली डोन्ट नो.”

“गप्प बस,” शुभदा म्हणाली, पण ती रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बँका शोधायला लागलो. मी ऑफिसातून चार दिवस सुट्टी काढली. सगळीकडे उत्तर एकच: खातेदार स्वतः आल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दोघांच्या नावावरचं जे खातं होतं ते शुभदाला बघता आलं. त्यात फक्त खातं चालू राहण्यापुरती रक्कम होती. बाकी सगळी काकांच्या सहीने त्यांच्या एकट्याच्या दुसऱ्या खात्यात गेली होती, आणि तिथून पुढे कुठे गेली ते बँक सांगेना. शुभदाने मला विचारलं, “त्यांनी खाल्ले नसतील ना गं?” विचारलं आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मग आम्ही काकांनाच घेऊन त्या बँकेत गेलो. टॅक्सीत ते खुशीत होते. बँकेतला अधिकारी वयस्कर, समजूतदार तमिळ गृहस्थ होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काकांपुढे कागद ठेवला. एक सही झाली की तो सगळ्या खात्यांची माहिती देणार होता.

काकांनी सही केली. अधिकाऱ्याने ती कॉम्प्युटरवरच्या सहीशी ताडून पाहिली आणि दुसरा कागद दिला. “वन्स मोअर, सर.” काकांनी पुन्हा केली. अधिकाऱ्याने तिसरा कागद दिला. टेबलावर तीन सह्या होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. पहिलीत आडनावच नव्हतं. तिसरी तर नुसतीच पुढे जात राहिलेली रेघ होती.

काका आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग त्यांनी तो हात उचलून टेबलाखाली नेला आणि तिथेच धरून ठेवला.

अधिकारी म्हणाला, “मॅडम, आय अ‍ॅम सॉरी. अशा सहीवर मी काही देऊ शकत नाही. आणि खरं सांगायचं तर आता ह्या सगळ्या खात्यांवर मला निर्बंध घालावे लागतील. त्यांच्याच संरक्षणासाठी.”

म्हणजे जे थोडं हाताशी होतं तेही बंद झालं.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी सांगितलं की हे दोन-तीन वर्षांपासून सुरू असणार. दीपेश मेलबर्नहून आला. काकांनी दारात त्याला बघून हात जोडले आणि म्हणाले, “या, बसा. आपण कुठल्या बँकेतून आलात?” दीपेश तसाच उभा राहिला, बॅग हातात धरून.

वेळीच मुखत्यारपत्र करून ठेवलं असतं तर काम सोपं होतं, असं वकील म्हणाले. आता ते करायला काकांची समज पुरी असल्याचं कोण लिहून देणार? कोर्टात अर्ज करावा लागला. डॉक्टरांचे दाखले, शपथपत्रं, तारखा. सिंगापूरच्या कोर्टाने काकूंना आणि दीपेशला काकांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दिला, पण तो कागद भारतातल्या बँका मानेनात. तिथे पुन्हा पहिल्यापासून. ह्या सगळ्यात दोन वर्षांच्या वर काळ गेला.

हळूहळू चित्र समोर आलं. शेवटच्या वर्षात काकांनी ठेवी उघडल्या आणि मोडल्या, पुन्हा उघडल्या, पुन्हा मोडल्या. ह्या बँकेतून त्या बँकेत, तिथून परत ह्या बँकेत. प्रत्येक वेळी पाव टक्का, अर्धा टक्का जास्त मिळवायला. एकही ठेव वर्षभर टिकली नव्हती. शुभदाचे पैसे चोरीला गेले नव्हते की कुणी खाल्लेही नव्हते. ते काकांच्या पैशांत मिसळून चार बँकांत विखुरले होते, व्याजाचा एक रुपया न कमावता. काकांची स्वतःची एक मोठी ठेव कधीच सापडली नाही. काकू म्हणायच्या, बँकेचं नाव नाही, पण ती ठेव केल्याचं मला आठवतं. त्या बँकेच्या दिवाळीच्या कॅलेंडरवर मोराचं चित्र होतं. दीपेशने त्याचाही शोध घेतला. तो मोर काही त्याला कुठे मिळाला नाही.

भारतातल्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत शुभदा थांबू शकत नव्हती. जाईचं एक वर्ष फुकट गेलंच होतं. सिंगापूरचा अधिकार हातात पडल्याबरोबर काकूंनी अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढला. दीपेश म्हणाला, थोडं थांबू, घाईत कमी किंमत येईल. काकू म्हणाल्या, “आधी शुभदाचे. मग आपलं काय ते बघू.” मी त्यांना त्या सुरात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

शुभदाला मुद्दल मिळालं. पैसे घ्यायला ती काकूंच्या नव्या छोट्या घरी आली, दोन ब्लॉक पलीकडे. काका खिडकीजवळ बसले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही. चहा झाला. जाताना शुभदा काकूंना म्हणाली, “काकू, मी आता येणार नाही. राग म्हणून नाही. पण त्यांना असं बघितलं की मला वाटतं, माझा आधार दुसऱ्यांदा…”  काकूंनी तिला जवळ घेतलं. ती पुन्हा खरंच आली नाही. जाईला मी एकदा एमआरटीत, इथल्या मेट्रोत, पाहिलं, कॉलेजची बॅग पाठीवर. तिने मला पाहिलं आणि फोनकडे बघायला लागली.

काकू नेट बँकिंग शिकल्या. मीच शिकवलं. पासष्ट वर्षांची बाई चष्मा नाकावर घेऊन, एकेक अक्षर तोंडाने म्हणत टाइप करायची. उरलेले पैसे त्यांनी एकाच साध्या खात्यात ठेवले, सगळ्यांत कमी व्याजाच्या. मी म्हटलं, “काकू, निदान ठेव तरी करा, थोडं जास्त मिळेल.” त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की पुन्हा तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे बसले होते. दोन हजार एकोणीसचा ऑक्टोबर. काकू भाजी निवडत होत्या, काका शेजारी. आता ते फारसे बोलत नाहीत. फोन वाजला. कुठल्यातरी बँकेतला मुलगा होता, मुंबईहून. स्पीकर चालू होता म्हणून सगळ्यांनाच ऐकू आलं. तोडणकर सरांसाठी खास ऑफर होती, परदेशस्थ ग्राहकांना वाढीव दर, फक्त दिवाळीपर्यंत.

काकांचं अंग ताठ झालं. मान वर आली. कित्येक महिन्यांत मी त्यांचे डोळे इतके जिवंत पाहिले नव्हते. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

काकूंनी फोन उचलून पदराआड धरावा तसा छातीशी धरला.

“ते घरी नाहीत,” त्या म्हणाल्या.

“मग कधी येतील, मॅडम?”

“माहीत नाही.”

त्यांनी फोन बंद केला आणि पुन्हा भाजी घेतली. काका हात तसाच पुढे धरून बसले होते, आणि बायकोकडे असं बघत होते, जणू घरात चोर शिरलाय आणि तो आपल्या शेजारीच बसून मेथी निवडतोय.